म्युनिकला लेकाकडे चाललाय? मग डाखाऊचा एक दिवस असा लावा

हल्ली चिपळूण घ्या, रत्नागिरी घ्या, कुडाळ घ्या, वाडीगणिक एखादं पोर जर्मनीत आहेच, कोणी एमएस करतंय, कोणी गाड्यांच्या कंपनीत आहे, कोणी नर्सिंगला गेलंय, आणि मग आंब्याचा हंगाम आटपला की आईबाबा निघतात तिकडे महिना दोन महिने. म्युनिकला गेलेल्यांची यादी ठरलेली असते, मारिएनप्लाट्झ, बीएमडब्ल्यूचं म्युझियम, तो डोंगरावरचा राजवाडा. डाखाऊचं, म्हणजे नाझींच्या जुन्या छळछावणीचं, जिथे आता स्मारक आहे, नाव निघालं की अर्धे म्हणतात कशाला ते वाईट बघायला, आणि उरलेले अर्धे म्हणतात चला दोन तासात उरकून येऊ. दोन्ही नको. जायचं असेल तर अख्खा दिवस द्या, गाईड घ्या, आणि त्या दिवशी दुसरं काही लावू नका. कसं ते सांगतो.

आधी एक घोळ मिटवू. बरेच जण डाखाऊ आणि ऑशविट्झ एकच समजतात. ऑशविट्झ पोलंडमध्ये, क्राकोवच्या बाजूला, म्युनिकहून एका दिवसाचं काम नाही. डाखाऊ म्युनिकच्या अगदी शेजारी, लोकलने जाता येतं. आणि ही नाझींची पहिली मोठी छळछावणी, २२ मार्च १९३३ ला सुरू झाली, म्हणजे हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. पहिले कैदी कोण तर त्यांचेच राजकीय विरोधक, कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट, कामगार युनियनवाले. ज्यू लोक मोठ्या संख्येने आले ते नोव्हेंबर १९३८ नंतर, तेव्हा जवळपास ११,००० ज्यू पुरुषांना एकदम इथे आणून टाकलं. पुढे पोलिश पाद्री, रशियन युद्धकैदी, रोमा लोक, समलिंगी लोक, सगळेच. १२ वर्षांत ४० हून जास्त देशांतले २ लाखांवर माणसं इथे आणि इथल्या उपछावण्यांत कोंडली गेली आणि त्यातली किमान ४१,५०० मेली. एवढं डोक्यात ठेवून गेलात तरी गाईडचं बोलणं निम्मं सोपं होतं.

गाईडचं काय करायचं? दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे स्वतः स्मारकापर्यंत जायचं आणि तिथली स्मारकाचीच टूर घ्यायची, ती इंग्रजीत पण असते, अडीच तासांची, थोडेच युरो पडतात (आत जायला मुळात तिकीटच नाही, प्रवेश फुकट). दुसरा म्हणजे म्युनिकच्या मेन स्टेशनवरून किंवा मारिएनप्लाट्झवरून निघणारी टूर कंपनीची सहल, त्यात गाईड तुम्हाला ट्रेनमधून नेतो, फिरवतो, परत आणतो, एकूण पाचेक तास जातात आणि पैसे बरेच जास्त. माझं मत विचाराल तर घरातलं पोर सोबत असेल तर पहिला रस्ता, आणि पोराला सुट्टी नाही, तुम्ही दोघंच आहात, ट्रेन बदलायची धास्ती वाटते तर दुसरा, तिथे पैसे वाचवू नका. गाईडच्या दर्जाची काळजी फार करायला नको कारण आत ग्रुप फिरवायचा तर स्मारकाकडून ट्रेनिंग आणि परवानगी घेतलेलाच गाईड लागतो, कोणीही उठून चार गोष्टी रंगवून सांगू शकत नाही. बुकिंग मात्र आधी करा. जागा मर्यादित असतात, उन्हाळ्यात भरून जातात, वेळाही बदलत असतात त्यामुळे स्मारकाच्या वेबसाईटवर आदल्या दिवशी पोराकडून एकदा बघून घ्या. ऑडिओ गाईड मिळतो, तोही वाईट नाही, पण आपल्या माणसाला प्रश्न विचारायचे असतात आणि यंत्राला ते विचारता येत नाहीत.

इंग्रजी कच्चं असेल तर लाजायचं नाही, सुरुवातीलाच गाईडला सांगायचं जरा हळू बोला. आणि ग्रुपच्या पुढे उभं राहायचं, मागे राहिलात की वाऱ्यात अर्धं ऐकू येत नाही, वर शेजारचा दुसरा ग्रुप असतो तो वेगळाच.

जायचं कसं. मेन स्टेशनवरून एस २ लोकल, डाखाऊ किंवा पेटर्सहाउझेनच्या दिशेची, साधारण २५ मिनिटं. उतरल्यावर स्टेशनबाहेरच ७२६ नंबरची बस, पाटीवर सौबाखझीडलुंग असं काहीतरी लांबलचक लिहिलेलं असेल, घाबरू नका, बाकीचे टुरिस्ट जातील तिकडे जा. स्टॉपचं नाव केझेड गेडेंकश्टेटं. तिकीट झोन एम-१ चं, दिवसाचं काढा म्हणजे येता जाता बसलाही तेच चालतं, आणि तीन-चार-पाच जण असाल तर ग्रुपचं डे तिकीट असतं, पाच मोठ्या माणसांपर्यंत एकच, ते फार स्वस्त पडतं. कागदी तिकीट असेल आणि त्यावर आधीच शिक्का नसेल तर चढण्यापूर्वी मशीनमध्ये पंच करायला विसरू नका, टीसी साध्या कपड्यात असतो आणि ६० युरो दंड घेतो, आम्ही रत्नागिरीहून आलोय वगैरे काही चालत नाही. स्मारक रोज ९ ते ५ उघडं असतं, २४ डिसेंबर सोडून.

कपड्यांचं नीट ऐका. आपल्या कोकणात थंडी म्हणजे पहाटे शाल घेतली की झालं. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्या मोकळ्या मैदानावर जो वारा येतो तो स्वेटरला विचारत नाही, जाड जॅकेट, टोपी, हातमोजे, गरम मोजे हवेतच. उलट जुलैत त्याच मैदानावर सावली नाही म्हणून ऊन लागतं. जमीन सगळी खडीची, त्यामुळे चप्पल नको, बूट घाला, आणि गुडघे दुखत असतील तर गाईडला आधी सांगा, चालणं बरंच आहे. आत खायला बंदी आहे. त्यामुळे धपाटे, चटणीचा डबा, जे काही असेल ते आधी व्हिजिटर सेंटरजवळ खाऊन घ्या, तिथे कॅफे पण आहे. बाथरूमलाही तिथेच जाऊन घ्या. १२-१३ वर्षांच्या आतली नातवंडं नेऊ नका, फोटो आणि सिनेमात जे दाखवतात ते लहानांसाठी नाहीच, त्यांना घेऊन एकाने पार्कात जावं.

आता जे कोणी सांगत नाही ते. स्वस्तिक. आपल्याकडे ते उंबऱ्यावर, तिजोरीवर, गाडीच्या काचेवर, लॉकेटात, किल्लीच्या जुडग्यात सगळीकडे, आणि आपल्या मनात काही वाईट नसतं हे खरं. पण जर्मनीत नाझी चिन्हं दाखवणं कायद्याने गुन्हा आहे. धार्मिक स्वस्तिकाला कायदा धरत नाही हेही खरं, पण डाखाऊच्या दारात ज्याचे आजोबा तिथे मेले असा माणूस तुमच्या बाजूला उभा असू शकतो आणि तुमच्या गळ्यातलं लॉकेट बघून तो कायद्याचं पुस्तक उघडणार नाहीये. त्या दिवशी लॉकेट घरी काढून ठेवा, पर्सवरचं, शबनमवरचं बघा, काही बिघडत नाही. दुसरं म्हणजे ते "आपल्याला एक हिटलरच पाहिजे" हे वाक्य. एसटीत, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत सर्रास ऐकू येतं, शिस्तीच्या नावाखाली. ते तिथे ट्रेनमध्येसुद्धा काढू नका, मराठीत बोललात तरी हिटलर हा शब्द सगळ्यांना कळतो. आणि हात वर करून सॅल्यूटचा फोटो तर स्वप्नातही नको, २०१७ मध्ये बर्लिनला संसदेसमोर दोन चिनी टुरिस्टांनी गंमत म्हणून तसे फोटो काढले आणि पोलिसांनी उचलून नेलं.

फोटोंचं म्हणाल तर स्वतःपुरते काढायला मनाई नाही. पण गेटसमोर दात काढून सेल्फी, प्रेतं जाळायच्या भट्टीसमोर फॅमिली फोटो, हे प्रकार आपलेच नाही सगळेच करतात आणि बघायला फार वाईट दिसतं. मोबाईल खिशात ठेवा, लागेल तिथे एखादा काढा.

आत काय बघायचं हे गाईड ठरवतो, तरी अंदाज असावा. सुरुवात त्या लोखंडी गेटपासून, ज्यावर जर्मनमध्ये काम केलंत की मोकळे व्हाल अशा अर्थाची खोटी ओळ आहे. ते गेट २०१४ मध्ये कोणीतरी चोरलं आणि दोन वर्षांनी थेट नॉर्वेत सापडलं, आता मूळ गेट आत म्युझियममध्ये आहे आणि दारात नक्कल. पुढे हजेरीचं मैदान, जिथे सकाळ संध्याकाळ कैद्यांना तासन् तास उभं करायचे, पावसात, बर्फात, आणि एखादा कमी भरला तर सगळ्यांनाच रात्रभर. मग मोठं प्रदर्शन. तिथे ती खोली नक्की बघा जिथे नव्या माणसाचे कपडे, कागद, अंगठी सगळं काढून घ्यायचे आणि नावाऐवजी नंबर द्यायचे. प्रदर्शन प्रचंड आहे, सगळं वाचायचा हट्ट करू नका. त्याच्या मागे बंकर म्हणजे तुरुंगाच्या आतला तुरुंग, १९३९ मध्ये हिटलरवर बॉम्ब लावणारा सुतार गेओर्ग एल्झर शेवटी इथेच ठेवला होता, युद्ध संपायला महिना राहिला असताना ९ एप्रिल १९४५ ला त्याला गोळी घातली.

बराकींपैकी ज्या दोन दिसतात त्या नंतर पुन्हा बांधलेल्या आहेत, बाकीच्यांच्या जागी जमिनीवर नुसते चौथरे. त्या बांधलेल्या बराकीत लाकडी खाटांचे तीन नमुने ठेवलेत, १९३३ चा, मधल्या काळातला आणि शेवटचा, आणि बघत गेलं की कळतं जागा कशी कमी होत गेली, शेवटी तर एकाला एक लागून नुसत्या फळ्या. छावणी बांधली होती ६००० माणसांसाठी, २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य आत शिरलं तेव्हा ३०,००० हून जास्त जिवंत माणसं होती. तरी चादरीला सुरकुती दिसली की शिक्षा.

टोकाला भट्टीची इमारत. तिथे गॅस चेंबरही आहे, त्याचा सामूहिक हत्येसाठी वापर झाला नाही असं गाईड स्वतःच सांगेल. माझ्या मते आपण सगळ्यात जास्त वेळ थांबायची जागा हीच, कारण इथे नूर इनायत खानची पाटी आहे. वडील इनायत खान बडोद्याचे, आणि वडिलांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे बडोदा दरबारातले नावाजलेले गवई. नूर जन्मली मॉस्कोत १९१४ ला, वाढली पॅरिसजवळ, लहान मुलांसाठी गोष्टी लिहायची, आणि युद्धात इंग्रजांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरून पॅरिसला गेली. बाकीचे साथीदार पकडले गेले तरी परत यायला नाही म्हणाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये फितुरीने पकडली, मग कित्येक महिने बेड्या घालून तुरुंगात, तरी तोंड उघडलं नाही, आणि १३ सप्टेंबर १९४४ ला तिला आणि अजून तिघी बायकांना इथे मारलं. वय ३० वर्षं. इंग्रजांनी नंतर शौर्याचा जॉर्ज क्रॉस दिला. बरेच गाईड तिचं नाव घेतात पण घाईत असतील तर राहून जातं, तेव्हा तुम्हीच आधी विचारून ठेवा नूरची पाटी दाखवणार ना म्हणून. भारतीय ग्रुपने विचारलं की त्यांनाही बरं वाटतं.

गाईड तिथून सुटला की लगेच बस धरू नका. इंग्रजीतली डॉक्युमेंट्री दिवसातून काही वेळा लागते, वीस-बावीस मिनिटांची, ती टूरच्या आधी बघितलेली जास्त बरी, राहिली तर नंतर. बाकी झाडांच्या रस्त्याने एकदा स्वतः चालत जा, शेवटी ज्यू, कॅथलिक, प्रोटेस्टंट अशी वेगवेगळी प्रार्थनास्थळं आहेत, बसायला तिथे शांत वाटतं. संध्याकाळी पोरांनी बिअर हॉलचं टेबल बुक केलेलं असतं बघा, ते दुसऱ्या दिवसावर ढकलायला सांगा, डाखाऊहून आलेल्या माणसाला त्या बँडच्या आवाजात बसवत नाही.

जाण्यापूर्वी घरच्या घरी करता येईल अशी एक तयारी म्हणजे अलिबागला चक्कर. इस्रायल आळीतलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघा, जमलं तर रेवदंड्याचं, आणि नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, स्मारक आहे, त्यांचे पूर्वज गलबत फुटून तिथे किनाऱ्याला लागले असं ते मानतात. शतकानुशतकं इथे तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणायचे, किहीमचे ते किहीमकर, रोह्याचे ते रोहेकर, आपल्यासारखेच. ज्यू म्हणून त्यांच्या वाटेला इथे कोणी गेलं नाही. हे बघून डाखाऊला गेलात तर तिथे ज्यू म्हटल्यावर डोळ्यासमोर नुसता पुस्तकातला शब्द येत नाही, शेजारचा माणूस येतो. फोटो काढायच्या आधी तिथल्या लोकांना विचारा, काही घरंच उरलीत.

आणि जे जहाजावर आहेत त्यांच्यासाठी, कारण आपल्याकडचे निम्मे पोरगे तेच करतात. हॅम्बर्गला जहाज लागलं आणि शोअर लीव्ह (किनाऱ्यावर उतरायची सुट्टी) मिळाली तर म्युनिक लांब, पण नॉयनगामं जवळ आहे. एस-बानने बेर्गेडोर्फ, तिथून २२७ किंवा ३२७ ची बस. ही विटांच्या भट्टीची छावणी, उपछावण्या धरून १ लाखावर कैदी, किमान ४२,९०० मेले. शेवटी इथले कैदी ल्यूबेकच्या उपसागरात काप आर्कोना आणि थीलबेक अशा जहाजांवर कोंबले आणि ३ मे १९४५ ला ब्रिटिश विमानांनी शत्रूची जहाजं समजून तीच बुडवली, ७००० च्या आसपास माणसं गेली, सुटका होणार त्याच्या काही तास आधी. जागा डाखाऊपेक्षा मोठी आणि पसरलेली आहे, गर्दी कमी. येऊन जाऊन सहा तास तरी धरा, त्याहून कमी लीव्ह असेल तर त्या खेपेला नकोच, पुढच्या खेपेला ठेवा.