कपडा बोहारणीच्या नजरेनं बघा

बार्शीला आजीच्या दारात महिन्या-दोन महिन्यांनी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं. आजी तीन पँटी आणि एक साडी पुढे टाकायची, नजर मात्र स्टीलच्या पातेल्यावर. बोहारीण काही न बोलता पँट उलटी करायची, बैठकीचा भाग दोन्ही हातांत ताणून आभाळाकडे धरायची, गुडघ्यावर अंगठा घासायची, चेन वर-खाली करायची. मग पँट बाजूला सारून म्हणायची, "ही नाही चालायची आजी, विरलीय." आजी चिडायची, पण बोहारीण कधी चुकत नसे. तिची कमाईच त्या दहा सेकंदांवर होती.

आज मी पुण्यात नोकरी करते आणि माझं निम्मं कपाट दुसऱ्यांनी वापरलेल्या, विकत घेतलेल्या जुन्या कपड्यांचं आहे. माझ्या वयाच्या मुलामुलींनी आता याला थ्रिफ्टिंग म्हणायला सुरुवात केली आहे. लॉकडाऊनमध्ये इन्स्टाग्रामवर अशी दुकानं भराभर निघाली. रात्री नऊला 'ड्रॉप' म्हणजे नवा माल येतो आणि पाच मिनिटांत सगळ्यावर 'सोल्ड' पडतं. कुणाला पैसे वाचवायचे असतात, कुणाला चारचौघांसारखं दिसायचं नसतं. एका सुती टी-शर्टमागे साधारण 2,700 लिटर पाणी लागतं हे वाचल्यापासून कुणाला नवा घेणंच जड जातं. मला यातली तिन्ही कारणं लागू आहेत. पण ऑफिसमधल्या दोघीतिघी माझं बघून घ्यायला गेल्या आणि फसून आल्या, कारण त्या ब्रँडचं लेबल बघत होत्या. म्हणून हे लिहिते आहे.

पुण्यात असाल तर सुरुवात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारापासून करा. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लोखंड, अवजारं, नाणी, घड्याळं जास्त, पण कपडे आणि बूट घेऊन बसणारेही असतात. सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर माल उरत नाही आणि गर्दीत कपडा उलगडून बघायला जागाही मिळत नाही. सोबत कापडी पिशवी, सुट्टे पैसे आणि शिवणकामाची टेप ठेवा. टेप विसरू नका, कारण तिथे ट्रायल रूम नसते आणि लेबलवरच्या साइजला काही अर्थ नसतो. वर्षानुवर्षं धुतलेला सुती शर्ट आटलेला असतो, 'एल'चा 'एम' झालेला असतो. (हा तोटा नाही. जेवढा आटायचा तेवढा आटलाय, जेवढा रंग जायचा तेवढा गेलाय. नव्या कपड्यात ही खात्री मिळत नाही.) तुम्हाला नीट बसणारा घरचा एक शर्ट जमिनीवर सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंतचं अंतर, खांदा, बाही आणि उंची मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हे चार आकडे सोबत असले की अंगात घालून बघायची गरज उरत नाही.

आता हातात कपडा घेतला की पहिली गोष्ट, तो उलटा करा. कपड्याचं खरं वय आतून कळतं. शर्ट असेल तर कॉलरची घडी आणि काखेचा भाग बघा. काखेत पिवळट, कडक झालेला डाग असेल तर सोडून द्या, तो सहसा निघत नाही. जीन्स असेल तर मांड्यांच्या आतल्या बाजूला, जिथे घासलं जातं, तिथे उजेडाकडे धरा. कापडातून उजेड झिरपला तर ती जीन्स दोन महिन्यांत फाटणार. गुडघ्यावर रंग उडालेला चालतो, मांडीवर विरलेलं चालत नाही. लोकरीच्या स्वेटरला हात लावायच्या आधी कसर लागली आहे का ते बघा. बारीक, गोल, जवळजवळची छिद्रं दिसली की समजा. एक कसर लागलेला स्वेटर कपाटातल्या बाकीच्या लोकरीलाही खातो.

मग शिवणीतली माया बघा. शिंप्याकडे ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना हा शब्द माहीत असतो, शिवणीच्या आत राखलेलं जादाचं कापड. जुन्या, शिंप्यानं शिवलेल्या ब्लाउजला आणि पँटला एक-दीड इंच माया असते, म्हणजे उसवून सैल करता येतं. आजच्या स्वस्त रेडीमेड कपड्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर असते. घट्ट कपडा घ्यायचा की नाही हे मायेवर ठरवा. सैल कपडा मात्र बिनधास्त घ्या, आत घेणं नेहमीच सोपं. तुटलेलं बटण, उसवलेली शिवण, सुटलेला फॉल ही घासाघीस करायची कारणं आहेत, नाकारायची नाहीत. पँटची चेन बिघडली असेल तर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला.

साडीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे.

ऑनलाइन एका विक्रेतीकडून 1,400 रुपयांना जांभळी रेशमी साडी घेतली होती. फोटोत काठ, पदर, रंग सगळं देखणं. मावसबहिणीच्या साखरपुड्याला नेसले, पंगतीत खाली बसले आणि गुडघ्यावर टर्रकन आवाज झाला. घरी येऊन पसरून बघितलं तर जिथे जिथे वर्षानुवर्षं घडी होती तिथे रेशीम विरलेलं, सरळ रेघेत. बोटानं दाबलं तरी फाटत होतं. रेशमी साडी एकाच घडीवर ठेवली, वर इतर साड्यांचं ओझं आलं, की ती घडीवरच मोडते. जरीची असेल तर आणखी लवकर, कारण जरीतली धातूची तार त्याच जागी वाकत राहते. तेव्हापासून साडी हातात आली की आधी पूर्ण उलगडते, प्रत्येक घडी उजेडाकडे धरते आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये हलकेच ताणते. चिरचिर असा बारीक आवाज आला की परत ठेवते. ऑनलाइन घेताना घडीचाच जवळून फोटो मागते. टाळाटाळ झाली तर घेत नाही.

पैठणी म्हणून कुणी दाखवली तर पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे मोकळे दोरे लोंबत असतील तर ती बहुधा हातमागाची नसते. तशीही घ्या, आवडली असेल तर, पण त्या भावानं.

कापडाची शंका असेल तर विचारून शिवणीच्या आतल्या कापडाचा (शिलाईचा नव्हे) एक धागा काढून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर आक्रसून काळा कडक मणी होतो. 'प्युअर सिल्क'च्या नावाखाली आलेले असे मणी मी बरेच जमवले आहेत.

भावाबद्दल माझं मत ठाम आहे. घासाघीस करा, पण माणूस बघून. "मावशी, हा कसा दिला?" "दीडशे." "शंभरला जमेल का? बटण नाहीये." "एकशेवीस दे." इथे थांबा. त्या कपड्यामागे कुणीतरी दारोदार फिरलेलं असतं, भांडी देऊन तो घेतलेला असतो, धुऊन, शिवून, इस्त्री करून आणलेला असतो. त्यांच्या वीस रुपयांसाठी दहा मिनिटं हुज्जत घालणाऱ्या मुली जेव्हा तोच शर्ट 'व्हिंटेज' म्हणून 700 ला ऑनलाइन विकतात, तेव्हा मला वाईट वाटतं.

घरी आणल्यावर पिशवी पलंगावर उघडू नका. ढेकूण येतात. सुती कपडा असेल तर सरळ कडकडीत गरम पाण्यात भिजवा, वॉशिंग मशीन असेल तर 60 अंशांवर लावा, मग दिवसभर उन्हात उलटा वाळवा आणि शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. बंद पेटीचा कुबट वास असेल तर शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घाला. रेशीम आणि लोकर गरम पाण्यात कधीच नाही. ती सावलीत वाऱ्यावर टांगा आणि मग ड्रायक्लीनला द्या.

आतले कपडे, मेकअप आणि हेल्मेट जुनं घेऊ नका. हेल्मेट एकदा आपटलं की आतला थर दबलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. मोबाइल घेणार असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक बघा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तो तपासा आणि बिल मागा. काही विकायला काढलंत आणि समोरचा "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही.

आई अजून कुरकुरते. "कुणाचे कोण जाणे, मेलेल्या माणसाचेही असतील." तिला मी एवढंच म्हणते की मी जन्मले तेव्हा पहिलं अंगडं तिनंच जुन्या साडीचं शिवलं होतं, मऊ म्हणून. ती गप्प होते, पण पटलेलं नसतं. मी तिला धुतल्याशिवाय एकही कपडा कपाटात ठेवत नाही हे दाखवते, त्यानं थोडा फरक पडतो.

गेल्या रविवारी बाजारातल्या मावशींनी माझ्यासाठी एक इरकल बाजूला काढून ठेवलं होतं. मी उलगडायला लागले तशी त्यांनीच ते माझ्या हातातून घेतलं, मधली घडी आभाळाकडे धरली आणि म्हणाल्या, "हितं गेलंय बघ. काठ चांगलाय, काठासाठी घे." 200 मागितले, मी 200 दिले. त्या जांभळ्या साडीचा काठही मी जपून ठेवलाय. दोन्ही काठ लावून खणाचा एक परकर भाचीसाठी शिवायला टाकणार आहे, माया भरपूर ठेवायला सांगून.