लहान मुलांना सायकल शिकवताना या चुका टाळा

मुलाला सीटवर बसवायचं, मागून कॅरिअर धरायचं आणि "मार पायडल!" म्हणत पळायचं, अशी आपल्याकडची शिकवण्याची रीत. माझ्या मते इथंच सगळं उलटं होतं. आधी तोल, मग ब्रेक, पायडल सगळ्यात शेवटी.

मोठी सायकल घेणं

"पुढंही कामी येईल" म्हणून घेतलेली मोठी सायकल मुलाला घाबरवते. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. सहा-सात वर्षांच्या मुलाला साधारण १६ इंची, आठ-नऊ वर्षांच्या मुलाला २० इंची चाक पुरतं. पण वयापेक्षा पायांची लांबी पाहा. घरच्या मोठ्या सायकलवर कैची मारू, म्हणजे दांडीखालून पाय घालून चालवू, देऊ नका. अंग एका बाजूला लटकतं आणि हात ब्रेकपर्यंत नीट पोचत नाही.

आधार देऊन तोल शिकवणं

बाजूच्या छोट्या चाकांवर मूल टेकून बसायला शिकतं, तोल सांभाळायला नाही. शिवाय गावातल्या उंचसखल रस्त्यावर त्यातलं एक चाक अधांतरीच राहतं. त्यापेक्षा दोन्ही पायडलं काढून ठेवा. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणून ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवलं की निघतं. सीट खाली करा आणि शाळेच्या पटांगणात हलक्या उताराच्या बाजूला मुलाला पायांनी ढकलत जाऊ द्या. हळूहळू पाय जास्त वेळ वर राहायला लागतात. हँडल तुम्ही धरू नका. धरायचंच तर काखेखाली अंगाला धरा. नजर चाकाकडे गेली की हँडल वळतं, म्हणून सारखं सांगत राहा, "बाबू, समोर पाह्य."

ब्रेक नंतर शिकवू म्हणणं

मूल पायानं सायकल थांबवायला लागलं की ती सवय मोडणं कठीण जातं. चुन्याची एक रेघ ओढा आणि तिथं दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबायला लावा. जोरात जाताना फक्त पुढचा ब्रेक करकचून दाबला, तर मूल हँडलवरून पुढं फेकलं जातं. लहान बोटं ब्रेकच्या दांडीपर्यंत पोचत नसतील तर मिस्त्रीकडून ती जवळ घ्यायला सांगा. बऱ्याच सायकलींना त्यासाठी छोटा स्क्रू असतो.

सायकल न पाहता मुलाला बोलणं

चेन सारखी उतरत असेल तर ती ढिली आहे. मागचं चाक मागं ओढून नट कसा. सायकल एकाच बाजूला ओढत असेल तर हँडल चाकाशी सरळ आहे का, ते पाहा. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं नेऊच नका. आपली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधात गच्च भरते, चाक जाम होतं आणि मूल आपटतं. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकही नीट लागत नाही.

घाईनं डांबरी रोडवर आणणं

एक हात सोडून इशारा देता येईपर्यंत आणि मागं वळून पाहताना सायकल सरळ राहीपर्यंत मोठ्या रोडवर नाही. दप्तर हँडलला नाही, पाठीवर. ओढणी गाठ मारून. दिवाळीच्या सुमारास रोडवर सोयाबीन वाळत असतं, त्या दाण्यांवरून चाक सटकतं. तिथं उतरून सायकल हातात धरून चालायला शिकवा. कापसानं भरलेली ट्रॉली येताना दिसली की डावीकडे रोडखाली उतरून, ती पूर्ण पुढं जाईस्तोवर उभं राहायचं.