बदामांचं क्रोशे ब्लँकेट विणताय? या चुका टाळा

भाचीच्या बाळासाठी पहिल्यांदा बदामांचं ब्लँकेट विणलं, तेव्हा ४८ चौकोन तयार झाल्यावर मी ते हॉलच्या फरशीवर मांडून बघितले. सहा आडवे, आठ उभे. फरशीच्या रेघांमुळे कुठला चौकोन रेघ सोडून बाहेर गेलाय ते लगेच दिसलं. दिवाळीच्या सुट्टीत विणलेले चौकोन बरोबर सहा इंचांचे होते आणि संक्रांतीनंतर विणलेले पावणेसात. सुई तीच, लोकर तीच, पण हात तोवर सैल पडला होता. त्यातले अकरा चौकोन उसवून पुन्हा विणले.

तोरण किंवा रुमाल विणताना चूक झाली तर ती एकदाच होते. चौकोनांच्या ब्लँकेटमध्ये पहिल्या चौकोनातली चूक ४८ वेळा होते, आणि ती दिसते तेव्हा सगळं विणून झालेलं असतं. म्हणून पहिल्या चौकोनाला दोन दिवस लागले तरी लागू द्या. तो धुवा, वाळवा, मोजा, आणि मगच दुसरा सुरू करा.

नमुना कुठल्या इंग्रजीतला आहे?

इंटरनेटवरचा नमुना घेतलात आणि चौकोन अर्धाच झाला किंवा भलताच उंच झाला, तर बहुतेक वेळा घोळ नावांचा असतो. आपण ज्याला खांब म्हणतो, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन काढलेला, त्याला अमेरिकन नमुन्यात ‘डबल क्रोशे’ म्हणतात आणि ब्रिटिश नमुन्यात ‘ट्रेबल’. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ हा आपला मुका खांब, सुईवर आधी वेढा न घेता काढलेला. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ लिहिलं असेल तर तो अमेरिकन. ब्रिटिश पद्धतीत त्या नावाचा टाकाच नाही.

सुईच्या नंबराचंही तसंच. आपल्या घरात आई-आजीच्या डब्यात असलेल्या लोकरीच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन हुकांमध्ये उलटं आहे, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. तेव्हा नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवर आकडा पुसला गेला असेल तर दुकानात भोकांची मोजपट्टी मिळते, त्यात घालून बघा.

लोकर अर्ध्यात संपते

बदामाचा लाल रंग क्वचित संपतो. संपतो तो मागचा पांढरा किंवा मोतिया, कारण चौकोनाचा मोठा भाग त्याचाच असतो. पुन्हा आणायला गेलं की लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीची खेप) वेगळा निघतो, आणि दुकानात सारखा वाटलेला मोतिया घरी उजेडात पिवळट दिसतो. पहिला चौकोन विणायच्या आधी आणि नंतर गुंडा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. एका चौकोनाला मोतिया १२ ग्रॅम लागला तर ४८ चौकोनांना ५७६ ग्रॅम. जोडणी आणि किनारीसाठी आणखी शंभर-सव्वाशे ग्रॅम धरा आणि सगळं एकाच लॉटचं, एकदम घ्या. तरीही कमी पडलीच, तर नवा लॉट चौकोनांत मिसळू नका. किनारीला वापरा, तिथे फरक खपून जातो.

बदाम चांगला होतो, चौकोन होत नाही

सगळ्यात जास्त जणी इथेच अडतात, म्हणून जरा थांबून सांगते.

बदाम विणणं अवघड नाही. मॅजिक रिंग (ओढून आवळता येणारा धाग्याचा फास) करायची, तीन साखळ्या चढायच्या. मग रिंगमध्येच तीन लांब खांब (हे दोन वेढ्यांचे), तीन खांब, एक साखळी, खालच्या टोकासाठी एक लांब खांब, एक साखळी. नंतर हेच उलट क्रमानं: तीन खांब, तीन लांब खांब, तीन साखळ्या, आणि रिंगमध्ये स्लिप स्टिच (नुसता अडकवायचा, उंची नसलेला टाका). रिंग ओढली की बदाम तयार.

आता याच्याभोवती सरळ खांबांची फेरी घातली तर पुढचा आकारही बदामाचाच होतो, फक्त मोठा. त्यानंतर कितीही कोपरे काढले तरी चौकोन एका बाजूला फुगतो आणि दुसरीकडे ताणला जातो. बदाम उभा ठेवून नीट बघा. वर मध्यभागी खाच आहे. दोन्ही गाल बाहेर आलेत. खाली डाव्या-उजव्या बाजूला मोठी मोकळी जागा आहे, आणि मधोमध टोक. जिथे खड्डा आहे तिथे उंच टाका आणि जिथे उंचवटा आहे तिथे आखूड टाका, एवढंच पाळायचं. खाचेत लांब खांब. गालांवर मुके खांब. गालाकडून खाली उतरताना अर्धा खांब (एक वेढा घेऊन सुईवरचे सगळे दोरे एकदम काढलेला), मग खांब, आणि खालच्या रिकाम्या जागेत तीन वेढ्यांचे सगळ्यात उंच खांब. टोकावर पुन्हा एक मुका खांब.

या पहिल्या फेरीत चौकोनाची घाई करू नका. आधी गोल होऊ द्या. टेबलावर ठेवल्यावर वाटीखालच्या गोल रुमालासारखा सपाट बसला पाहिजे. कड लाटांसारखी उठत असेल तर टाके जास्त झालेत, वाटीसारखी वर वळत असेल तर कमी पडलेत. टाके मोजा. संख्येला चारनं भाग गेलाच पाहिजे, नाहीतर चार बाजू सारख्या होणार नाहीत. मी ३६ टाक्यांवर थांबते.

पुढच्या फेरीत त्या गोलाचा चौकोन होतो. ३६ चे चार भाग केले की एका बाजूला नऊ टाके येतात. एका टाक्यात कोपरा: दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. उरलेल्या आठांत दोन खांब, एक अर्धा खांब, दोन मुके खांब, एक अर्धा खांब, दोन खांब. म्हणजे प्रत्येक बाजूला १२ टाके झाले. यापुढच्या प्रत्येक फेरीत बाजूला बरोबर चार टाके वाढतात: १२, १६, २०, २४. हे आकडे कागदावर लिहून समोर ठेवा आणि फेरी संपली की एक बाजू तरी मोजा. १९ किंवा २१ आले तर कोपऱ्याजवळचा एखादा टाका सुटलाय किंवा दोनदा घेतलाय. तेव्हाच एक फेरी उसवली तर पाच मिनिटांचं काम आहे.

चौकोन बरोबर मोजूनही पतंगासारखा तिरका होत असेल तर ती तुमची चूक नाही. दर फेरी एकाच दिशेनं विणली की टाके किंचित एका बाजूला कलतात आणि चार-पाच फेऱ्यांत तो कल साठतो. कोपरे काढायला सुरुवात केली की दर फेरीनंतर काम उलटून घ्या, तिरकेपणा जातो.

आणि हे सगळं फारच जड वाटत असेल तर बदाम तिरपा बसवा, टोक चौकोनाच्या कोपऱ्यात येईल असा. तिरपा बदाम म्हणजे मुळात एक चौकोन आणि त्याच्या दोन बाजूंवर दोन अर्धी वर्तुळं. त्यामुळे भराव मुख्यतः खाचेकडच्या एका कोपऱ्यात घालावा लागतो. शिवाय असे चार चौकोन टोकाला टोक लावून जोडले की मधोमध चार पाकळ्यांचं फूल होतं. नवशिक्या मुलींना मी हेच आधी करायला सांगते.

मध्ये भोक पडतं

धुतल्यावर बदामाच्या पोटात भोक दिसायला लागलं, तर रिंगचं टोक फार जवळ कापलेलं असतं. गाठ मारलेली असली तरी ॲक्रिलिक लोकर गुळगुळीत, गाठ सुटते. सुरुवातीला सहा इंच टोक ठेवा. रिंग ओढून झाल्यावर बोथट लोकरीच्या सुईनं ते रिंगभोवती एकदा पूर्ण फिरवा, मग उलट दिशेनं पुन्हा, आणि मगच कापा. भोक आधीच पडलं असेल तर त्याच लाल लोकरीचा नवा धागा मागच्या बाजूनं रिंगच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ओढून घ्या.

लाल टोकं लालमध्येच लपवायची. मोतिया खांबांमधून नेलेला लाल धागा मागून दिसत नाही, पण ब्लँकेट खिडकीसमोर धरलं की पांढऱ्यामध्ये गुलाबी शीर उमटलेली दिसते. दोन रंगांच्या चौकोनाला निदान चार टोकं, ४८ चौकोनांना १९२. ती शेवटी एकदम लपवायला ठेवू नका. चौकोन संपला की त्याच बैठकीत टोकं संपवायची.

हात सैल पडतो तेव्हा

माझे चौकोन मोठे झाले ते मधूनमधून मापले नाहीत म्हणून. आता मी सहा इंचांचा जाड पुठ्ठा कापून पिशवीतच ठेवते आणि प्रत्येक चौकोन त्यावर ठेवून बघते. पाव इंचाचा फरक चालतो, तो जोडताना सामावून जातो. अर्ध्या इंचाच्या पुढे गेला तर शेवटच्या दोन फेऱ्या उसवून अर्धा मिलिमीटर बारीक सुईनं विणा. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री टीव्हीसमोर बसून विणलेले आणि सकाळी निवांत विणलेले चौकोन एकाच दिवशी मापून बघा, म्हणजे स्वतःचा हात कळेल.

चौकोन सपाट करायला त्यावर इस्त्री फिरवू नका. ॲक्रिलिक हे प्लास्टिकचंच भावंड आहे, गरम इस्त्री टेकली की ते कायमचं लुळं आणि चकचकीत होतं आणि पूर्वीसारखं होत नाही. पाणी शिंपडून, सतरंजीवर टाचण्या लावून रात्रभर वाळू द्या. सुती किंवा खरी लोकर असेल तर पूर्ण भिजवून मग टाचा.

जोडणी

बदामांच्या ब्लँकेटमध्ये जोडताना होणारी खास चूक म्हणजे एखादा बदाम उलटा लागतो. नुसत्या ग्रॅनी स्क्वेअरला (मधून बाहेर विणत नेलेल्या साध्या चौकोनाला) वर-खाली नसतं, बदामाला असतं. चौकोन विणून होताच त्याच्या खालच्या बाजूला दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याची छोटी खूण बांधा आणि जोडून झाल्यावर काढा. सगळे चौकोन जमिनीवर मांडून वरून फोटो घ्या. फोटोत उलटा बदाम चटकन दिसतो, आणि एकाच रंगाचे तीन शेजारी आलेलेही दिसतात. नंतर प्रत्येक रांगेची चळत करून चिठ्ठी लावा.

बदाम कुणाकडे तोंड करून असावेत हेही आधी ठरवा. पलंगाच्या पायाशी उभं राहून बघणाऱ्याला ते सरळ दिसले पाहिजेत, म्हणजे टोकं पायाकडे.

शिवण आखडली तर जोड घट्ट ओढला गेलाय. मुक्या खांबांनी जोडत असाल तर सुई अर्धा मिलिमीटर जाड घ्या. सपाट जोड हवा असेल तर टाक्याचा फक्त मागचा दोरा उचला. २४ ला २४ टाके, कोपऱ्यातल्या साखळीत एक. दोन चौकोनांत एखाद्या टाक्याचा फरक निघाला तर तो शेवटी ओढून ताणू नका, मधल्या भागात एका टाक्यात दोनदा सुई घाला. आधी सगळ्या आडव्या शिवणी एका दमात करा, मग उभ्या. चार कोपरे भेटतात तिथे धागा तोडायचा नाही, एक घट्ट टाका घालून चौक ओलांडायचा. तिथे भोक राहिलं तर बाळाची बोटं नेमकी त्यातच अडकतात. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर झोपवताना पाळण्यात हे ब्लँकेट ठेवू नका. लहान बाळाजवळ सैल पांघरूण असू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते बाळ जागं असताना खाली अंथरायला वापरा.

किनार झालरीसारखी उठली तर जोडाच्या जागी जास्त टाके पडलेत. तिथे दोन्ही कोपऱ्यांत मिळून दोनच घ्या, आणि किनारीची सुई अर्ध्या मिलिमीटरनं बारीक करा.

लाल रंग

मोतिया ब्लँकेटवर लाल उतरला की कष्ट वाया जातात. लोकर आणली त्याच दिवशी लाल धाग्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवा. तासाभरानं रुमालावर गुलाबी रेघ उमटली तर ती लोकर यासाठी नको. ॲक्रिलिकचा रंग सहसा जात नाही, गडद सुती धाग्याचा जाऊ शकतो. ‘मीठ किंवा व्हिनेगर घालून भिजवा, रंग पक्का होतो’ हे घरोघरी सांगतात, पण बाजारात रंगवून आलेल्या सुती धाग्यावर त्याचा उपयोग होत नाही. रंग उतरलाच तर ब्लँकेट वाळू देऊ नका. ओलं असतानाच गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळा.

धुताना गार पाणी आणि सौम्य साबण. पिळायचं नाही, मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं. दोरीवर तर टाकूच नका. ओल्या लोकरीचं वजन खालच्या रांगेवर येतं आणि सकाळी गोल गालांचे बदाम लांबट झालेले दिसतात. गच्चीवर किंवा व्हरांड्यात, सावलीत, चादरीवर पसरा आणि दुपारी एकदा उलटा.