पेडिकल स्क्रूच्या (मणक्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणाऱ्या हाडाच्या अरुंद दांड्यातून, म्हणजे पेडिकलमधून, बसवायच्या स्क्रूच्या) सरावासाठी थ्रीडी प्रिंटरवर मणका छापताना
सीटी स्कॅनच्या स्लाइस (काप) १ मिमी किंवा त्याहून पातळ घ्या. जाड स्लाइसवरून छापलं तर पेडिकलच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या येतात. मॉडेल भरीव नको. बाहेर जाड कवच, आत विरळ जाळी ठेवली की प्रोब (स्क्रूची वाट चाचपायची सळई) आत सरकताना आणि कवचाला टेकताना हाताला फरक कळतो. खऱ्या हाडाची सर येत नाहीच, पण दिशा हातात बसते. पीएलए (थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, वेगात ड्रिल केलं की बिटला चिकटतं. त्यामुळे हाताने चालवायची अवजारंच बरी. स्क्रू बसला की मज्जारज्जूच्या पोकळीत टॉर्च मारून बघा, आटे डोकावत असतील तर लगेच दिसतात. आणि हो, पीएलएचं मॉडेल ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) टाकू नका, वाकडंतिकडं होऊन निघेल.