‘हा’ची वही : एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या गाण्यांतून जपानी शिकताना

जपानी शिकू लागलेल्या प्रत्येकाला गाणी ऐकण्याचा सल्ला मिळतो, पण कोणती गाणी ऐकायची आणि ऐकून त्यांचे करायचे काय, हे सहसा कोणी सांगत नाही. मी पुण्यात प्राथमिक वर्गात शिकत असताना आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे शिक्षकांनी, प्रत्येक विद्यार्थ्याला हिरागाना लिपीतले एक अक्षर वाटून दिले आणि त्या अक्षराने ज्यांची नावे सुरू होतात अशी गाणी सत्र संपेपर्यंत एका वहीत जमवायला सांगितली. माझ्या वाट्याला ‘हा’ आले. आज मी एका कारखान्यात दुभाषी म्हणून काम करते आणि त्या वहीचे ऋण मला अजून रोज जाणवते, म्हणून नव्याने शिकणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

पहिली अडचण गाणी शोधण्याचीच होती. गाण्यांची नावे बहुधा कांजीत, म्हणजे चिनी चित्राक्षरांत, लिहिलेली असतात आणि शब्दकोश असो वा कराओकेची यादी, अनुक्रम मात्र उच्चाराप्रमाणे लावलेला असतो. वसंताचे चित्राक्षर एकटे असले की ‘हारु’ वाचले जाते, पण ‘सोओशुन्फु’ या प्रसिद्ध गाण्याच्या नावात त्याच अक्षराचा उच्चार ‘शुन’ होतो आणि गाणे थेट ‘सा’च्या ओळीत जाऊन बसते. एका अक्षराची यादी करायला बसले की प्रत्येक नावाचा उच्चार खात्रीने माहीत करून घ्यावाच लागतो, आणि कांजी वाचण्याचा याहून चांगला सराव मला दुसरा मिळाला नाही.

जपानी वर्णक्रम आपल्याला अनोळखी नाही. आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमामागे सिद्धम् ही संस्कृत लिहिण्याची जुनी भारतीय लिपी आणि संस्कृत वर्णमाला अभ्यासणाऱ्या बौद्ध भिक्षूंची परंपरा आहे. मला मात्र एक प्रश्न सतावत होता. आपल्याकडे ‘न’ आणि ‘म’ यांच्यामध्ये ‘प’ वर्ग येतो. तिथे जपानीत ‘हा’ कसा आला? याचे उत्तर असे की फार जुन्या जपानीत या ओळीचा उच्चार ‘प’ होता. पुढे तो दोन्ही ओठांतून हलकी फुंकर घालावी तसा झाला आणि शेवटी बहुतेक ठिकाणी ‘ह’वर आला, ‘फुजी’मधल्या ‘फु’त ती ओठांची फुंकर अजून शिल्लक आहे. सोलापूर-बेळगावकडच्या वाचकांना हे चटकन पटेल, कारण तमिळमधले ‘पाल’ म्हणजे दूध कानडीत ‘हालु’ होते आणि ‘पू’ म्हणजे फूल ‘हूवु’ होते. जपानीचा या भाषांशी संबंध आहे असे मी सुचवत नाही. केवळ ध्वनीची वाट सारखी आहे.

हे एकदा कळले की ‘हा’वर दोन रेघा दिल्या तर ‘बा’ आणि छोटे वर्तुळ दिले तर ‘पा’ का होतो, हे पाठ करावे लागत नाही. कारखान्यात त्याचा उपयोग रोज होतो. लांबट वस्तू मोजताना एक म्हणजे ‘इप्पोन’, दोन म्हणजे ‘निहोन’, तीन म्हणजे ‘सान्बोन’. तिन्हींत ‘होन’ हे एकच मोजणीपद आहे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी ‘सान्ब्याकु’ आणि ‘हाप्प्याकु’, म्हणजे तीनशे आणि आठशे, ऐकताना अडखळले होते. त्या रात्री वही उघडून मी ‘हा’, ‘बा’, ‘पा’ यांचे पान नव्याने लिहून काढले.

आता गाण्यांकडे येते. सुरुवात ‘हारु गा किता’पासून करावी. 1910 सालच्या शालेय पाठ्यपुस्तकासाठी रचलेले हे गाणे आज गीतकार ताकानो तात्सुयुकी आणि संगीतकार ओकानो तेइइची यांच्या नावावर आहे. वसंत आला, कुठे आला, डोंगरात आला, एवढीच वाक्ये. पण ‘गा’ हा प्रत्यय कर्त्यामागे आणि ‘नि’ ठिकाणामागे कसा येतो, हे त्यात कायमचे बसते. त्याच्या शेजारी ताइशो काळातले (1912 ते 1926) बालगीत ‘हारु यो कोइ’ ठेवावे. दोन्ही नावांत ‘येणे’ या क्रियापदाचे चित्राक्षर एकच आहे, तरी एकीकडे ‘कि’ आणि दुसरीकडे ‘को’ वाचले जाते, कारण हे क्रियापद अनियमित आहे. गायिका मात्सुतोया युमी यांचे 1994 चे गाणेही ‘हारु यो, कोइ’ याच नावाचे आहे, केवळ मध्ये एक स्वल्पविराम जास्त आहे. तेव्हा शोधताना गोंधळू नये.

इथे देवनागरीबद्दल एक सावधगिरी सांगायला हवी. आपण ‘हाना’ लिहितो तेव्हा आपल्या डोळ्यांना दोन गुरू, म्हणजे चार मात्रा दिसतात. जपानीत त्या दोनच आहेत, कारण स्वर ‘आ’सारखा असला तरी तो ऱ्हस्व असतो. संगीतकार ताकी रेन्तारो यांचे 1900 साली प्रकाशित झालेले ‘हाना’ टाळ्या वाजवत म्हणून पाहावे. ‘हारु नो उरारा नो’ यात सात मात्रा आणि ‘सुमिदागावा’ यात पाच, असा हिशेब नेमका लागतो. ताकी 1903 मध्ये अवघ्या 23 व्या वर्षी गेले, हे वाचल्यापासून मला ते गाणे पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

मात्रा गाण्यातून शिकता येतात, स्वराघात मात्र शिकता येत नाही, हे मी ठामपणे सांगते. ‘हाना’ म्हणजे फूल आणि ‘हाना’ म्हणजे नाक. पुढे ‘गा’ आला की फुलानंतर सूर खाली उतरतो, नाकानंतर उतरत नाही. चाल हा भेद अनेकदा पुसून टाकते, म्हणून प्रत्येक शब्द बोलण्यातही वेगळा ऐकावा.

माझ्या वहीत सर्वांत अधिक पाने ‘हारु नो ओगावा’ने घेतली आहेत. वसंतातल्या ओढ्याचे हे गाणे 1912 चे. त्याच्या पहिल्याच ओळीत ‘ओगावा’नंतर ‘हा’ लिहिलेला आहे, पण म्हणायचा ‘वा’, कारण तो विषयदर्शक प्रत्यय आहे. जुन्या लेखनात तर ‘ओगावा’तला ‘वा’सुद्धा ‘हा’नेच लिहीत, 1946 च्या सुधारणेने तो बदलला आणि प्रत्ययाचा ‘हा’ तेवढा राहिला. 2011 च्या भूकंपग्रस्तांसाठी पुढच्या वर्षी आलेल्या ‘हाना वा साकु’ या गाण्याच्या नावात या अक्षराचे ‘हा’ आणि ‘वा’ हे दोन्ही उच्चार शेजारी सापडतात. ओढ्याच्या गाण्यातले ‘नागारु’ हे जुन्या ग्रांथिक भाषेतले क्रियापद 1942 मध्ये पाठ्यपुस्तकात बोलीतल्या ‘इकु यो’ने बदलले. दोन्ही पाठ समोरासमोर लिहून पाहिले आणि जपानी भाषेलाही आपल्यासारखाच ग्रांथिक-बोली असा प्रवास आहे, हे मला प्रथमच उमगले.

‘हामाबे नो उता’ घाईने घेऊ नये. त्यातला ‘आशिता’ म्हणजे उद्या नव्हे, सकाळ; आणि ‘यूबे’ म्हणजे काल रात्र नव्हे, संध्याकाळ. हे अर्थ जुने आहेत आणि जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीवर ते उपयोगी पडणार नाहीत. तसेच 1901 चे ‘हातो पोप्पो’ आणि 1911 चे ‘हातो’ ही पारव्यांची दोन वेगळी गाणी आहेत. मी ती बराच काळ एकच समजत होते.

अक्षर निवडताना ‘रा’ची ओळ टाळावी, कारण अस्सल जुने जपानी शब्द ‘र’ने सुरू होत नाहीत आणि यादी लवकर आटते. ‘फु’ घेतल्यास ‘फुरुसातो’ मिळेल, ‘फुयुगेशिकी’ मिळेल. ‘फुरुसातो’च्या पहिल्या ओळीत सशामागे येणारा ‘ओइशि’ हा शब्द चवदार या अर्थाचा नसून ‘पाठलाग केलेला’ या अर्थाचा आहे, एवढे मात्र वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.