प्रकाश आणि सेंद्रिय उत्प्रेरकाने पॉलिमरची साखळी कशी आवरावी

साध्या मुक्त-मूलक पॉलिमरीकरणात, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या चपळ रेणूंनी (मूलकांनी) छोटे रेणू जोडत लांब साखळी बनवण्यात, साखळी एकदा वाढू लागली की तिची लांबी आपल्या हाती राहत नाही. 1995 मध्ये तांब्याच्या उत्प्रेरकाने ही वाढ आवरता येऊ लागली, मात्र तयार पॉलिमरमध्ये धातूचा अंश मागे राहण्याची अडचण कायम होती. 2014 मध्ये रसायनशास्त्रज्ञ क्रेग हॉकर यांच्या गटाने फेनिलफेनोथायाझिन हा धातुविरहित, प्रकाशाने चेतणारा उत्प्रेरक वापरून दाखवला. कोल्हापुरातल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही तो वापरता येतो. इथे मिथाइल मेथाक्रिलेट या मोनोमरचे, म्हणजे साखळीच्या सुट्या घटक-रेणूचे, उदाहरण घेतले आहे.

आधी क्रिया समजून घ्यावी. प्रकाशाने चेतलेला उत्प्रेरक आरंभकातील, म्हणजे साखळी सुरू करून देणाऱ्या संयुगातील, कार्बन-ब्रोमीन बंधाला इलेक्ट्रॉन देतो. बंध तुटून मूलक तयार होतो आणि त्याला काही मोनोमर जोडले जातात. त्यानंतर इलेक्ट्रॉन गमावलेला उत्प्रेरक ब्रोमाइडच्या साथीने ते टोक पुन्हा ब्रोमीनने झाकतो. प्रकाश म्हणजे नळाची तोटी, असे सर्रास सांगितले जाते, पण माझ्या मते ते अर्धेच खरे आहे, कारण साखळ्या सारख्या लांबीच्या होतात त्या टोक झाकण्याच्या या परतीच्या क्रियेमुळे.

शंभर एककांच्या साखळीसाठी 1 मिलिलिटर मोनोमर, 22.7 मिलिग्रॅम इथाइल अल्फा-ब्रोमोफेनिलअॅसिटेट हा आरंभक आणि 2.6 मिलिग्रॅम उत्प्रेरक लागतो, म्हणजे उत्प्रेरक मोनोमरच्या 0.1 मोल टक्के होतो. एवढे अल्प वजन थेट तराजूवर करण्याच्या फंदात पडू नये. 26 मिलिग्रॅम उत्प्रेरक डायमिथाइलअॅसिटामाइडमध्ये विरघळवून द्रावण 10 मिलिलिटर करावे आणि त्यातले 1 मिलिलिटर घ्यावे, म्हणजे द्रावकही त्यातच येतो. साठवणीत पॉलिमर होऊ नये म्हणून घातलेला रोधक काढण्यासाठी मोनोमर आधी बेसिक अॅल्युमिनाच्या स्तंभातून गाळावा. मोनोमरचा वास उग्र असतो आणि हा द्रावक प्रजननसंस्थेला घातक आहे, म्हणून सारे काम हातमोजे घालून फ्यूम हूडमध्येच करावे.

प्रयोग बहुधा बिघडतो तो ऑक्सिजनमुळे, कारण तो मूलकांना गिळतो आणि चेतलेल्या उत्प्रेरकालाही शांत करतो. नायट्रोजनचे बुडबुडे सोडणे सोपे वाटते, परंतु इतक्या थोड्या द्रावणातून मोनोमर उडून जातो आणि ठरवलेले प्रमाण चुकते. म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे, निर्वात करणे आणि वितळवणे हे चक्र तीनदा करावे. मात्र गोठवलेल्या नळीत हवा शिरू देऊ नये, कारण त्या तापमानाला ऑक्सिजन द्रवरूप होऊन साचतो आणि तो स्फोटक ठरू शकतो.

दिव्यासाठी 380 नॅनोमीटरची एलईडी पट्टी घ्यावी. उद्यमनगर या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा डबा करून घेऊन पट्टी आतून गोल चिकटवावी आणि बारीक नळी मधोमध उभी करावी. रुंद भांड्यात प्रकाश कडेलाच शोषला जातो. पट्टी तापते आणि एप्रिलच्या दुपारी खोलीही तापलेली असते, त्यामुळे डब्याला छोटा पंखा लावून आतले तापमान नोंदवत राहावे. अतिनील किरणांपासून बचाव करणारा चष्मा घातल्याशिवाय डब्यात डोकावू नये.

वाढ खरोखर प्रकाशावर चालते का, हे दिवा आळीपाळीने लावून आणि विझवून तपासावे. विझवताना नळी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळावी, नाहीतर खिडकीतला उजेड घोळ घालतो. वीज गेली तर हीच चाचणी आपोआप होते, फक्त वेळ टिपून ठेवावी! प्रत्येक टप्प्यावर नायट्रोजनच्या प्रवाहात सिरिंजने थेंबभर नमुना काढून त्याचा एनएमआर (अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनाद) वर्णपट घ्यावा. मोनोमरच्या मिथॉक्सी गटाचे शिखर 3.75 पीपीएमजवळ आणि पॉलिमरचे 3.60 जवळ दिसते. त्यांच्या क्षेत्रफळांवरून रूपांतरण, म्हणजे किती टक्के मोनोमर साखळीत गेला, ते काढता येते. अंधारात हा आकडा स्थिर राहिला पाहिजे.

60 टक्के रूपांतरणाला अपेक्षित रेणुवस्तुमान सुमारे 6,250 येते. जीपीसीवर (रेणू आकारानुसार वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) ते याच्या बरेच वर गेले, तर आरंभकाचा काही भाग वाया गेला असे समजावे. रेणुवस्तुमानाचे वितरण रुंद आले, म्हणजे साखळ्या कमीअधिक लांबीच्या निघाल्या, तर प्रकाशाची तीव्रता कमी करून पाहावे. पॉलिमर थंड मिथेनॉलमध्ये थेंबथेंब सोडून साक्याच्या रूपात मिळवावा आणि निर्वातात वाळवावा. टोकाला ब्रोमीन शाबूत असेल, तर हीच भुकटी आरंभक म्हणून वापरून दुसरा मोनोमर जोडता येतो, आणि तेव्हा जीपीसीचे संपूर्ण शिखर जड रेणूंच्या बाजूला सरकते. जुन्या जागी उंचवटा मागे राहिला, तर तेवढी टोके आधीच मेलेली, म्हणजे ब्रोमीन गमावलेली होती.