स्वस्तात व्हीगन जेवायचं तर आधी कडधान्यं शिजवायला शिका

व्हीगन जेवण, म्हणजे मांस, अंडी, दूध असं प्राण्यांपासूनचं काहीच नसलेलं जेवण, महाग पडतं ते बहुतेक वेळा तयार मालामुळे. वनस्पतींपासून केलेलं नकली मांस, नकली चीज, प्रोटीन पावडरचे डबे यांतलं काहीच न घेता वर्षभर उत्तम जेवता येतं. तरीही पुष्कळ जण महिन्याभरात कंटाळून सोडून देतात, कारण हरभरे कडक राहतात, राजमा बेचव लागतो आणि पोट फुगतं. या तिन्ही तक्रारींचं मूळ भिजवण्या-शिजवण्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

पाव किलो कोरडं कडधान्य निवडून धुवा. एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा (साधारण १५ ग्रॅम) मीठ विरघळवून त्यात ८ ते १२ तास भिजत ठेवा. मिठाने कडधान्य कडक होतं हा समज फार चिवट आहे, प्रत्यक्षात उलट घडतं. सालीतलं पेक्टिन (पेशींना धरून ठेवणारं चिकट द्रव्य) कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट बांधलेलं असतं. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं, त्यामुळे साल मऊ पडते आणि दाणा न फुटता आतपर्यंत शिजतो. खोली गरम असेल तर भांडं फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबतं. घाई असेल तर (राजमा सोडून) दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा आणि मग शिजवायला घ्या.

भिजवलेलं पाणी ओतून द्या. पोटात वायू धरणाऱ्या शर्करांचा काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो. कडधान्य पुन्हा धुऊन ताज्या पाण्यात शिजवा. पातेल्यात शिजवणार असाल तर पाणी दाण्यांच्या वर तीन बोटं हवं. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, कारण फेस वर येऊन वाफेचं तोंड बुजवतो. चमचाभर तेल घातलं की फेस आवरतो. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजलेली बरी, कारण दोन कुकरच्या शिट्ट्या कधीच सारख्या नसतात. पूर्ण दाब आल्यावर आच मंद करून भिजवलेल्या काबुली हरभऱ्याला १५ ते १८ मिनिटं द्या, राजम्याला १० ते १२. मग वाफ आपोआप जिरू द्या. झाकण घाईने उघडलं तर साली फाटतात. मसूर भिजवायची गरज नाही. अख्खा मसूर उघड्या पातेल्यात २० ते २५ मिनिटांत होतो, डाळ पंधरा मिनिटांत.

झालं की नाही ते एका दाण्यावरून ठरवू नका. पाच दाणे घ्या आणि जीभ-टाळूच्या मध्ये दाबून पाहा. पाचही विरघळले पाहिजेत. एक जरी कचकचला तरी अजून पाच मिनिटं.

एवढं करूनही कडकच राहिले, तर कारण तिघांपैकी एक असतं. माल जुना असेल, त्यातही उष्ण-दमट जागी साठवलेला. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल. किंवा टोमॅटो, लिंबू यांसारखं आंबट काही आधीच पडलं असेल. जड पाण्यावर आणि जुन्या मालावर उपाय खाण्याच्या सोड्याचा: पाव किलोला पाव छोटा चमचा, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाणे बुळबुळीत होतात आणि बी-१ जीवनसत्त्वही नष्ट होतं. आंबट मात्र नेहमी दाणे मऊ झाल्यावरच. पुडीतले दोन-चार गणंग कशानेच शिजत नाहीत, ते निवडून टाका.

राजम्याच्या बाबतीत हयगय नको. कच्च्या लाल राजम्यात लेक्टिन जातीचं विष असतं. चार-पाच कच्चे दाणेही तासा-दोन तासांत जोरदार उलट्या करवू शकतात. किमान पाच तास भिजवा, पाणी फेका आणि ताज्या पाण्यात खळखळून निदान १० मिनिटं, शक्यतो अर्धा तास उकळा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. ८० अंशांच्या आसपासच्या उष्णतेला हे विष मरत नाही, उलट त्याचा जोर वाढू शकतो.

अर्धा किलो कोरड्या कडधान्याचं शिजून साधारण सव्वा किलो होतं, म्हणून एकदाच मोठा घाणा काढा. दोन तासांच्या आत गार करून फ्रीजमध्ये ठेवलं तर तीन-चार दिवस टिकतं. उरलेलं दाणे जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यासह पिशव्यांत चपटं पसरून गोठवा. चपटी पिशवी पटकन वितळते, गोळा तासभर हलत नाही. डबाबंद मालाशी तुलना करायची तर हिशोब सोपा आहे: ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळलेले दाणे सुमारे २४० ग्रॅम निघतात, म्हणजे साधारण १०० ग्रॅम कोरडा माल. किंमत नेहमी डब्याच्या वजनाने नाही, या शंभर ग्रॅमने ताडून पाहा.

चवीचं गणित रश्शात आहे. कांदा तेलात मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं, खरोखर तपकिरी होईपर्यंत परता. गुलाबी झाला की थांबायचं ही सर्वात मोठी चूक. मग टोमॅटोचा घट्ट गर घालून तो गडद होऊन तेल सुटेपर्यंत दोन-तीन मिनिटं. आता दाणे त्यांच्याच पाण्यासह घाला आणि पाचवा हिस्सा दाणे पळीने पातेल्याच्या कडेला चिरडा. रस्सा आपोआप दाट होतो, वेगळं काही घालावं लागत नाही. चमचाभर सोया सॉस किंवा परतलेल्या अळंब्या घातल्या तर मांसाहारी माणसालाही कमी जाणवत नाही. शेवटी गॅस बंद करून लिंबू पिळा.

पोट फुगणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यात दिवसाला पाव वाटीच खावी आणि दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावं. आतड्यातल्या जिवाणूंना सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच.

दुधाची सोय सोयाबीनने होते. २०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा. सकाळी वाटताना उकळतं पाणी वापरा, एकूण दीड लिटर. सोयाचा तो ओला, कच्च्या शेंगेसारखा वास एका एन्झाइममुळे येतो आणि दाणा फुटताक्षणी तयार होतो. पाणी कडकडीत असेल तर ते एन्झाइम तिथेच मरतं. (मिक्सरचं भांडं उष्णता सोसणारं हवं, झाकणातून वाफ जाऊ द्या आणि थोडं-थोडं वाटा.) फडक्यातून घट्ट पिळून गाळा. दूध तापू लागलं की फेस धाडकन वर येतो आणि उकळी आली असं वाटतं. ती खोटी उकळी. आच कमी करून ढवळत पुढे १० ते १५ मिनिटं खरं उकळा, कारण कच्च्या सोयातली प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं तेवढ्या वेळाने निकामी होतात. तळ लागतो, ढवळणं सोडू नका.

याच दुधाचा टोफू करायचा तर ते ७५ ते ८० अंशांवर येऊ द्या. चार मोठे चमचे लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाला, हलकेच एकदा फिरवा आणि झाकून पंधरा मिनिटं विसरा. वरचं पाणी पिवळसर नितळ दिसलं तर जमलं. दुधाळ राहिलं तर आणखी एक चमचा रस. फडक्यात बांधून किलोभर वजनाखाली अर्धा तास ठेवलं की सुमारे पाव किलो टोफू मिळतो. फडक्यातला चोथा फेकू नका, कटलेटच्या मिश्रणात छान जातो, पण तो दोन दिवसांतच नासतो.

वाचलेल्या पैशातून पहिली खरेदी बी-१२ ची करा. यावर वाटाघाट नाही. कोणत्याही वनस्पतीतून हे जीवनसत्त्व भरवशाने मिळत नाही. स्पिरुलिनातलं बहुतांश बी-१२ शरीराला वापरताच येत नाही. १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीचा प्रौढांसाठीचा सल्ला असा: रोज किमान १० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा आठवड्यातून २००० मायक्रोग्रॅम. आठवड्याचा आकडा एवढा मोठा असण्याचं कारण म्हणजे एका वेळी शरीर फार थोडंच शोषून घेतं.

बाकीचं फारसं अवघड नाही. मीठ आयोडीनयुक्त घ्या. जवस एक मोठा चमचा रोज, पण दळून. अख्खा तसाच बाहेर पडतो. दळलेली पूड फ्रीजमध्ये ठेवा, खवट होते. कडधान्यातलं लोह शोषलं जावं म्हणून जेवणात क जीवनसत्त्वाचं काहीतरी हवं, आणि चहा-कॉफी जेवणानंतर निदान तासाभराने. कॅल्शियमसाठी पालकावर विसंबू नका, त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) किंवा कॅल्शियम सल्फेटने जमवलेला टोफू कितीतरी सरस. लिंबाने जमवलेल्या घरच्या टोफूत आणि घरच्या सोया दुधात कॅल्शियम कमीच असतं. बाजारातल्या फोर्टिफाइड दुधात ते घातलेलं असतं, पण तळाशी बसतं, म्हणून खोकं आधी जोरात हलवा.

रक्त तपासायची वेळ आली तर नुसत्या हिमोग्लोबिनवर समाधान मानू नका. कडधान्यं आणि पालेभाज्यांतून फोलेट (बी-९ जीवनसत्त्व) भरपूर मिळतं, त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्तक्षय दिसत नाही आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. डॉक्टरांना आहार स्पष्ट सांगून बी-१२ ची वेगळी तपासणी मागा. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर गोळीचं प्रमाणही डॉक्टरांनाच ठरवू द्या.